खिडकी उघडली, मग मिटली

झाशीच्या राणीमहालात दरबाराचं दालन आहे. त्याच्या भिंतींवर, छतावर फुलं, वेली आणि पशुपक्षी रंगवलेले आहेत. रघुनाथ हरी नेवाळकरांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा महाल बांधला. आता तिथं संग्रहालय आहे, आसपासच्या परिसरात सापडलेल्या मध्ययुगीन मूर्ती मांडून ठेवल्या आहेत. मी मुलींच्या इंटर कॉलेजात चित्रकला शिकवायचे तेव्हा दर हिवाळ्यात वर्ग घेऊन तिथं जायचे. मूर्ती बघून झाल्या की कुणीतरी एक मुलगी मान वर करायची आणि ठरलेला प्रश्न यायचा: "मॅडम, ये चिड़िया चपटी क्यों है?"

प्रश्न वरवर पक्ष्याचा, पण तो येतो पाठ्यपुस्तकातून. तिथं युरोपची चित्रकला एखाद्या जिन्यासारखी मांडलेली असते. खालच्या पायरीवर मध्ययुगातली ताठ, सपाट माणसं. वर लिओनार्दो, रेम्ब्रां. प्रत्येक पायरीला चित्र अधिकाधिक 'खरं' होत जातं. असा जिना डोक्यात बसला की राणीमहालातला पक्षी आपोआप तळाशी जातो, त्याच्या चिताऱ्याला अजून जमत नव्हतं असं ठरून जातं. मला हे कधीच पटलं नाही. याच जिन्यावरून मुलींना शेवटपर्यंत नेलं, तर वरच्या पायरीवर पुन्हा सपाट चित्रंच उभी दिसतात. युरोपच्या चित्रकारांनी पाचशे वर्षं खपून भिंतीत एक खिडकी उघडली आणि मग पन्नासेक वर्षांत ती स्वतःच्याच हातानं मिटली. ती गोष्ट झाशीत बसूनही सांगता येते.

सुरुवात पोथ्यांपासून. पोथ्या गेल्याचं दुःख या गावाला ठाऊक आहे. 1858 च्या एप्रिलात इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजेनं शहर घेतलं, तेव्हा कोकणातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे इथं अडकले होते. संस्थानच्या ग्रंथसंग्रहाची कशी धूळधाण झाली, हे त्यांच्या 'माझा प्रवास'मध्ये आहे. ते पुस्तक 1907 मध्ये छापून निघालं. आमच्या घरी ते पिढ्यान्‌पिढ्या वाचलं गेलं. त्यातलं तेवढं पान मात्र आजी मोठ्यानं वाचू द्यायची नाही.

युरोपातल्या जुन्या पोथ्याही अशाच लुटींतून, आगींतून वाचल्या. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात इसवी सन 800 च्या सुमाराचं 'बुक ऑफ केल्स' आहे. ख्रिस्ताच्या चरित्राची चार पुस्तकं वासराच्या कातड्यावर लिहिलेली, 340 पानं शिल्लक. कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवायचं, केस काढायचे, चौकटीवर ताणायचं, चंद्रकोरीसारख्या सुरीनं खरवडून पातळ करायचं. (आमच्या आजीसमोर अशी पोथी आली असती तर पोथीला आधी आणि स्वतःला नंतर, अशा दोन अंघोळी झाल्या असत्या.) लिहायला पिसाची लेखणी. रंगांत पिवळ्यासाठी हरताळ, तोच जो आपले लेखनिक पोथीतली चूक झाकायला वापरायचे. आयर्लंडच्या भिक्षूंना त्यात सोनं दिसलं, आपल्याकडच्यांना खोडरबर. त्या पानांवर एकेका अक्षराच्या पोटात इतकी गुंतागुंत आहे की भिंग लागतं. माणसं अर्थातच सपाट, डोळे मोठे, समोर रोखलेले. ती माणसासारखी दिसावीत ही कुणाची अपेक्षाच नव्हती. ती पान उघडणाऱ्याकडे बघतात, तेवढं त्यांचं काम.

पुढच्या शतकांत खऱ्या सोन्याचा वर्ख आला. खडूच्या उंचवट्यासारख्या लेपावर वर्ख बसवायचा आणि चकाकी येईपर्यंत घोटायचा. घोटायला कुत्र्याचा दात चांगला, असं जुन्या कारागिरांनी लिहून ठेवलंय. शिवाय समासात खोड्या: चिलखत घातलेला सरदार गोगलगायीशी लढतोय, सशांनी शिकाऱ्यालाच धरलंय. मधोमध प्रार्थना आणि कडेला हा वात्रटपणा. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या कित्येक पोथ्यांत हे सर्रास सापडतं. आमच्या वर्गातल्या वह्यांत याहून वेगळं काही नसे.

या परंपरेचं शिखर म्हणजे बेरीच्या ड्यूकसाठी लिम्बुर्ग घराण्यातल्या तीन भावांनी 1412 च्या सुमारास हाती घेतलेलं प्रार्थनापुस्तक. 1416 साली तिघं भाऊ आणि ड्यूक असे चौघंही गेले, बहुधा साथीत. पुस्तक अर्धवट राहिलं, दुसऱ्यानं नंतर पुरं केलं. आता ते फ्रान्समध्ये शान्तिईला आहे. त्यातलं फेब्रुवारीचं पान मी वर्गात फिरवत असे. सगळीकडे बर्फ, मधमाश्यांच्या टोपल्या, मेंढ्या गोठ्यात दाटून बसलेल्या, घराची पुढची भिंत काढून टाकलेली आणि आत माणसं कपडे वर करून शेकतायत. मुली खो-खो हसायच्या. हसून झालं की मी टेकडीकडे बोट दाखवायचे. एक माणूस गाढव हाकत दूरच्या गावाकडे निघालाय आणि ते गाव इवलंसं आहे. भिंतीला पहिली फट इथंच पडते.

खरं तर इटलीत ती आधीच पडली होती. पादुआच्या छोट्या प्रार्थनाघरात जोत्तोनं 1305 च्या सुमारास ओल्या चुन्यावर चित्रं काढली. त्याच्या माणसांना वजन आहे. ती जमिनीवर उभी राहतात, पाठमोरी बसतात, रडतात. मग शंभरेक वर्षांनी फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्की नावाच्या वास्तुकारानं आरसा आणि भोक पाडलेली फळी घेऊन यथार्थदर्शनाचं गणित दाखवलं. आल्बेर्तीनं 1435 मध्ये ते नियम लिहून काढले. चित्राची चौकट म्हणजे उघडी खिडकी समजा, असं तो सांगतो. आमच्या स्टेशनच्या पादचारी पुलावर उभं राहिलं की हे गणित फुकट बघायला मिळतं: ललितपूरकडे जाणारे रूळ दूरवर एका बिंदूत मिळतात, खांब लहान होत जातात. मुलींना मी तिथंच नेऊन काढायला लावत असे. एकदा जमलं की त्यांना जादू आल्यासारखं वाटायचं, आणि ती आहेच जादू. फक्त तिला एक अट आहे. बघणाऱ्यानं एकाच जागी, जणू एक डोळा मिटून उभं राहायचं. आपले चितारी ही अट मानत नव्हते.

ओरछ्याला जा, झाशीहून अर्ध्या तासाचा रस्ता. तिथल्या लक्ष्मीनारायण मंदिरात इतर चित्रांबरोबर एकोणिसाव्या शतकातली गोऱ्या फौजेची लढाईही आहे. बंदुका खांद्यावर घेतलेले शिपाई रांगेनं, तोफा, किल्ला. ही झाशीचीच लढाई, असं तिथले वाटाडे छातीठोकपणे सांगतात. किल्ला समोरून काढलाय, आतलं आवार मात्र वरून दिसतं आणि मागच्या रांगेतला शिपाई पुढच्याएवढाच मोठा. त्या चिताऱ्याला एका जागी उभं राहून लढाई बघायची नव्हती. त्याला सगळी लढाई हवी होती.

आता अळशीकडे वळते, कारण युरोपच्या चित्रकलेतली सर्वांत मोठी क्रांती मला गणितापेक्षा तेलात दिसते. बुंदेलखंडात अळशी भरपूर. थंडी सरता सरता शेतं निळ्या फुलांनी भरतात. हे तेल इतर तेलांसारखं नुसतं पातळ राहत नाही. हवेतला प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होतं आणि शेवटी काचेसारखा पारदर्शक पापुद्रा धरतं. अंड्यात कालवलेल्या जुन्या रंगाला ही सवड नव्हती, तो झटकन वाळायचा. तेलात रंग कालवला की दिवसचे दिवस ओला राहतो, कडा विरघळवता येते, एकावर एक पातळ थर चढवता येतात. मग उजेड वरच्या थरांतून आत शिरतो, खालच्या पांढऱ्या लेपावर आपटून परत येतो. म्हणून ती चित्रं आतून उजळल्यासारखी दिसतात.

यान व्हान आयकचं 1434 चं आर्नोल्फिनी दांपत्याचं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. फरचा केस न्‌ केस, कुत्र्याचे डोळे, झुंबरात जळणारी एकच मेणबत्ती, मागच्या भिंतीवरच्या फुगीर आरशात अख्खी खोली आणि दारात उभी आणखी दोन माणसं. आरशाच्या वर भिंतीवर चित्रकारानं आपण इथं हजर होतो असं लॅटिनमध्ये लिहून साल घातलंय. एखाद्या दस्तावर साक्षीदारानं सही करावी तसं. तेलाचा शोध त्यानंच लावला असं पूर्वी सांगत. ते खरं नाही. अफगाणिस्तानात बामियानच्या गुहांमधल्या, सातव्या शतकाच्या सुमाराच्या बौद्ध चित्रांतही सुकणारं तेल सापडलंय. पण तेलाकडून काय काय करून घेता येईल, हे व्हान आयकइतकं कुणी आधी दाखवलं नव्हतं. घाण्याचं तेल आणून, उन्हात ठेवून घट्ट करून, माझ्या मुलींनी त्यात गेरू घोटलाय. वर्ग आठवडाभर महकत असे. मुख्याध्यापिका बाईंनी नाक मुरडलं, ते वेगळं.

लिओनार्दो आणि मायकेलअँजेलो यांच्याबद्दल इथं लिहीत नाही. त्यांच्यावर मराठीत पुष्कळ आहे, आणि मोनालिसाच्या हसण्यावर तर नको इतकं.

त्याऐवजी झाशीच्या किल्ल्याकडे बघू. हा 1613 च्या सुमारास ओरछ्याच्या वीरसिंहदेव बुंदेल्यानं बांधला. त्यानंच 1602 मध्ये शाहजादा सलीमच्या सांगण्यावरून अकबराचा विश्वासू दरबारी अबुल फजल याला मारलं होतं. सलीम जहांगीर होऊन तख्तावर बसला आणि बुंदेल्याचं नशीब फळफळलं. या जहांगीरला चित्रांचं वेड. त्याच्या बापाच्या दरबारात, फत्तेपूर सिक्रीला, 1580 मध्ये गोव्याहून जेझुइट पाद्री आले, ते अँटवर्पला छापलेलं अनेक भाषांतलं आठ खंडांचं बायबल नजराणा घेऊन. त्यातली कोरीव चित्रं बघून मुघल चित्रशाळेत खळबळ उडाली. अबुल हसन नावाच्या तेरा वर्षांच्या पोरानं 1600 च्या सुमारास जर्मन चित्रकार ड्यूररच्या संत योहानाची रेखाटलेली नक्कल आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे. कपड्याच्या चुण्या, छायेच्या बारीक रेघा, सगळं उचललंय. तेराव्या वर्षी!

पण पुढं काय झालं ते महत्त्वाचं. मुघल चितारी खिडकीवर भाळले, तरी तिच्यात राहायला गेले नाहीत. बिचित्रनं काढलेल्या एका चित्रात जहांगीर वाळूच्या घड्याळावर बसलाय, इंग्लंडचा राजा जेम्स खाली ताटकळतोय आणि बादशहा पुस्तक देतोय सूफी शेखाला. जेम्सचा चेहरा युरोपीय चित्रावरून जसाच्या तसा घेतलेला, गाल गोल, सावली पडलेली; उडणारी पंखवाली पोरंही तिकडचीच. खालचा गालिचा मात्र सपाट, वरून बघितल्यासारखा. जे हवं ते घेतलं, बाकीचं तिथंच ठेवलं.

उलट दिशेनंही माल गेला. हॉलंडमध्ये रेम्ब्रांच्या हाती मुघल लघुचित्रं आली आणि 1650 च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यानं त्यांवरून सुमारे दोन डझन रेखाटनं केली: बादशहा, घोडेस्वार, झाडाखाली बसलेले शेख. आयुष्यात तो आपला देश सोडून कुठं गेला नाही. ज्याला आपण छायाप्रकाशाचा बादशहा म्हणतो, तो म्हातारपणाकडे झुकताना आपल्याकडच्या सपाट चित्रांसमोर बसून बारीक रेघेचे धडे गिरवत होता. पाठ्यपुस्तकाच्या जिन्यावर या दृश्याला जागाच नाही.

छायाप्रकाश म्हटलं की काराव्हाज्जो आठवतो. रोममध्ये सान लुइजी देइ फ्रांचेसी या चर्चमध्ये त्याचं 1600 च्या सुमाराचं चित्र आहे. पैसे मोजत बसलेल्या जकातदाराला ख्रिस्त बोलावतो आणि अंधाऱ्या खोलीत एक तिरपा झोत शिरतो. झाशीत हे शिकवायला फार सोपं. बत्ती गुल झाली की एकीच्या हातात टॉर्च द्यायची, दुसरीनं मैत्रिणीचा चेहरा काढायचा.

1857 च्या मार्चमध्ये मुंबईत सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून कलाशाळा, म्हणजे जेजे, सुरू झाली. जूनमध्ये झाशी पेटली. एकाच वर्षी साहेबाची चित्रकला इकडे रुजायला लागली आणि साहेबाविरुद्ध तलवारही उपसली गेली. जेजेत मुलं ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून हात बसवू लागली. 1872 पासून जॉन ग्रिफिथ्सनं त्याच शाळेतल्या विद्यार्थ्यांना अजिंठ्याच्या नकला करायला नेलं, हे बरं झालं. पण आपण मुंबईत खिडकी उघडायला शिकत होतो, त्याच सुमारास पॅरिसमध्ये ती मिटवायची तयारी चालली होती.

कारणं पुष्कळ. 1839 पासून फोटो आला. हुबेहूबपणाचं काम यंत्रानं उचललं. 1841 मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकारानं कथलाच्या नळीचं पेटंट घेतलं. त्याआधी तेलरंग डुकराच्या मूत्राशयात बांधून ठेवावा लागे. नळी खिशात घालून चित्रकार घराबाहेर पडले. तिसरी गोष्ट आगगाडी.

माझे बाबा लोको शेडमध्ये फिटर. आजोबा जीआयपी रेल्वेबरोबर इकडे आले, ते इथलेच झाले. त्यामुळे मोनेची 1877 ची सेंट लाझार स्टेशनची चित्रं मी पहिल्यांदा छापील पाहिली ती बाबांच्या शेजारी बसून. लोखंडी छप्पर, काचेतून येणारा उजेड, निळी-जांभळी वाफ, तिच्यात अर्धं बुडालेलं इंजिन. मोनेनं हे स्टेशन बारा वेळा रंगवलं आणि त्यांतली सात चित्रं त्या वर्षीच्या प्रदर्शनात मांडली. चित्रकार रन्वारच्या मुलानं एक किस्सा लिहून ठेवलाय. मोने झकपक कपडे घालून रेल्वेच्या साहेबाला भेटला. साहेब इतका दबला की गाड्या थांबवल्या, फलाट रिकामे केले आणि इंजिनांत ठेचून कोळसा भरून हवी तेवढी वाफ काढून दिली. खरं-खोटं ज्यानं त्यानं ठरवावं. बाबांना विचारलं तर म्हणाले, "चित्रासाठी गाडी कोण थांबवतंय? पण वाफ बरोबर काढलीय. सकाळची आहे." वाफेला वेळ असते, हे कलेच्या कुठल्याही इतिहासात मला वाचायला मिळालेलं नाही.

त्या चित्रांजवळ गेलं की इंजिन नाहीसं होतं, फक्त रंगाचे फटकारे उरतात. डोळा खिडकीपलीकडे जाता जाता काचेवरच अडकतो. मग मंडळींना जपानी लाकूडठशांची चित्रं सापडली. छाया नाही, रंग एकसंध. व्हॅन गॉगनं 1887 मध्ये हिरोशिगेच्या चित्रांच्या तेलरंगात नकला केल्या. सेझान एकच डोंगर पुन्हा पुन्हा रंगवत त्याचे तुकडे जुळवत बसला. 1907 मध्ये पिकासोनं पाच बायकांचे चेहरे आणि अंगं एकाच वेळी अनेक बाजूंनी दाखवली. ओरछ्याच्या चिताऱ्याला यात फारसं नवल वाटलं नसतं. मातिस 1910 मध्ये म्युनिकला इस्लामी कलेचं मोठं प्रदर्शन बघायला गेला आणि पुढच्याच वर्षी त्यानं आपली चित्रशाळा रंगवली: भिंती, जमीन, टेबल सगळं एकच गडद लाल, वस्तूंच्या नुसत्या कडा. खोली आहे पण खोलपणा नाही. राणीमहालात मान वर करणाऱ्या मुलीला मी हे चित्र दाखवत असे. 1915 मधला मालेविचचा काळा चौकोन मात्र दाखवून पस्तावले. "ये तो मैं भी बना लूँ" हे वर्गभर चाललं. अशा वेळी माझं उत्तर एकच: बना लो, लेकिन पहले बनाना था.

या मिटलेल्या खिडकीचा फायदा सर्वांत मोठा कुणाला झाला असेल, तर आपल्या लोकांना. सय्यद हैदर रझा मंडला जिल्ह्यातल्या बाबरियाचे, नागपूरच्या कलाशाळेत आणि मग जेजेत शिकलेले. 1948 मध्ये काश्मीरात त्यांना फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ भेटले. तुमच्या चित्रांत रंग आहे पण बांधणी नाही, सेझानचा अभ्यास करा, असं त्यांचं म्हणणं पडलं. रझा 1950 मध्ये पॅरिसला गेले, दशकानुदशकं राहिले, आणि सेझानच्या वाटेनं जात जात पोहोचले राजपूत लघुचित्रांच्या सपाट, पेटत्या रंगांपाशी आणि बिंदूपाशी. शाळेत लक्ष लागेना म्हणून गुरुजींनी भिंतीवर ठिपका काढून त्याकडे बघत बसायला सांगितलं होतं, ही आठवण ते सांगत. नागपुरात 1924 मध्ये जन्मलेल्या वासुदेव गायतोंड्यांनी पाउल क्लेला पचवून त्याच्याही पुढची वाट धरली. त्यांच्या चित्रांत रंगाचे थर खरवडलेले, पुसलेले, पुन्हा चढवलेले. 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. अळशीच्या तेलाचा तो आतून येणारा उजेड आठवतोय? गायतोंड्यांकडे तो आहे, आणि त्या उजेडात दिसायला ना खोली आहे ना माणूस.

मूळ चित्रं बघायला युरोपलाच जावं लागतं असं नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकऱ्याचा मुलगा बडोद्याचा राजा झाला आणि प्रजेला युरोपची कला बघता यावी म्हणून सयाजीरावांनी खास चित्रदालन बांधलं. चित्रं निवडायला लंडनचा समीक्षक स्पिलमन नेमला होता. इमारत 1914 मध्ये तयार झाली, पण महायुद्धामुळे चित्रं तिकडेच अडकली आणि दालन 1921 मध्ये उघडलं. तिथल्या काही पाट्यांवरच्या बड्या नावांबद्दल जाणकारांत वाद आहेत. त्यानं खट्टू होऊ नका, शिकायला शिष्याच्या हातचं चित्रही पुरतं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात रतन टाटा आणि दोराब टाटा या बंधूंनी जमवलेली युरोपीय चित्रं आहेत. तिथून चालत टाउन हॉलकडे गेलं की एशियाटिक सोसायटी लागते. गव्हर्नर एल्फिन्स्टननं भेट दिलेली दान्तेच्या महाकाव्याची सोनेरी सजावटीची जुनी हस्तलिखित प्रत तिच्या संग्रही आहे. मुसोलिनीनं तिच्यासाठी दहा लाख पौंड देऊ केले होते आणि सोसायटीनं नकार दिला, असं सांगतात. ती रोज मांडलेली नसते, कुलपात असते. जाण्याआधी चौकशी करून जा.